कातडी होडीतला माणूस

१

तोमे मेल्याची बातमी दुआर्ते बोर्जेसला त्याच्या सुनेने सांगितली. सांगताना ती चुलीकडे तोंड करून उभी होती आणि कोबीच्या पानांचा रस्सा उगाच ढवळत होती.

“कप्तानाचा गडी येऊन गेला, मामंजी. होड्यांच्या कोठारात गळफास लावून घेतलाय म्हणे त्यानं. तुम्हाला बोलावलंय.”

“मला कशाला?”

“गावचे न्यायाधीश तुम्ही.”

ते खरंच होतं. तेर्सेइरा बेटावरच्या प्राया गावाने यंदाचं न्यायाधीशपण दुआर्तेच्या गळ्यात घातलं होतं. मुलगा गेल्यापासून म्हातारा घरात बसून भिंतीकडे बघत असतो, निदान लोकांची भांडणं तरी सोडवील, असा पंचांचा विचार. आतापर्यंत त्याच्यापुढे दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गुरांचे तंटे आले होते. मेलेला माणूस हा पहिलाच.

आणि तोही तोमे. गेल्या वर्षी कप्तान जोर्जे तेवेसचं गलबत वायव्येकडचा समुद्र ओलांडून धुक्यातल्या एका नव्या भूमीला लागलं होतं. परतलं तेव्हा त्यात सात माणसं कमी होती आणि एक जास्त. जास्तीचा तो तोमे, तिकडच्या लोकांपैकी. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. संत तोमेच्या दिवशी बाप्तिस्मा दिला म्हणून तोमे. कमी झालेल्या सातांत दुआर्तेचा एकुलता एक मुलगा सिमांव होता, गलबतावरची शिडं शिवणारा. पाणी भरायला किनाऱ्यावर गेलेली त्यांची होडी पहिल्याच दिवशी खडकांवर फुटली आणि सगळे बुडाले, असं परत आलेल्यांनी सांगितलं होतं.

तोमेला कप्तानाच्या होड्यांच्या कोठारात ठेवलं होतं, आणि सगळ्या गावाने जाऊन त्याला बघून घेतलं. दुआर्ते मात्र कधी गेला नाही. ज्या भूमीने पोरगा गिळला तिथलं माणूस बघायची त्याची छाती झाली नव्हती. आज जाणं भाग होतं.

कोठारात डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास भरून राहिला होता. प्रेत खाली उतरवून शिडाच्या तुकड्यावर ठेवलं होतं. शेजारी कप्तान तेवेस कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्यामागे पाद्री जेरोनिमो ओठातल्या ओठात काही पुटपुटत होता.

“बघ रे दुआर्ते,” कप्तान म्हणाला. “समुद्र ओलांडून आणला, हिवाळाभर खाऊ घातलं, आणि आता राजाला दाखवायला न्यायचा तर हा बाबा निघून गेला. इतका बेइमान माणूस मी पाहिला नाही.”

“तोंड आवर, जोर्जे. मेलाय तो.”

दुआर्ते गुडघ्यांवर बसला. काय दिसेल असं त्याला वाटलं होतं कोण जाणे. समोर रुंद चेहऱ्याचा, गालांवर गोंदलेल्या रेघा असलेला एक तरुण पडला होता. सिमांवच्याच वयाचा. अंगात नुसता पातळ सदरा.

“याचा कातडी अंगरखा कुठंय? देवळातसुद्धा काढत नाही म्हणून बायका हसायच्या ना?”

“असेल इथंच कुठंतरी.”

गड्यांनी कोठार पालथं घातलं. अंगरखा मिळाला नाही.

पाद्री पुढे आला. “दुआर्ते, मीच याला बाप्तिस्मा दिला आणि आता मलाच नाही म्हणावं लागतंय. स्वतःच्या हातानं जीव दिलेल्याला देवळाच्या आवारात जागा देता येत नाही.”

प्रेताचे हात छातीवर जुळवायला म्हणून दुआर्तेने उजवा हात उचलला, तर तो खांद्यापाशीच अडकला. हाड वाकडं जुळलं होतं.

“हे काय?”

“गलबतावर ओढून घेताना मोडला,” कप्तान म्हणाला. “गलबतावर वैद्यकी न्हावीच करतो, त्यानं बांधला, पण तसाच बसला. छातीच्या वर जायचा नाही तो हात.”

दुआर्तेने वर पाहिलं. तुळई दोन पुरुष उंच होती. दोरीचे तीन वेढे तिच्यावर घट्ट बसले होते आणि गाठही तिथेच, वर, पक्की आवळलेली होती. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

“पाद्रीबाबा, थडग्यासाठी जागा बघून ठेवा. एका हातानं ती गाठ मारता येत नाही. याला कुणीतरी मारलंय आणि मग टांगलंय.”

२

पाद्री जेरोनिमो भित्रा होता, पण खोटा नव्हता. देवळामागच्या खोलीत त्याने दुआर्तेला बसवलं आणि स्वतः मात्र येरझाऱ्या घालत राहिला.

“मी रोज सकाळी त्याला प्रार्थना शिकवायला जात होतो. क्रॉसची खूण तो डाव्या हातानं करायचा. आधी मी रागावलो. मग तो खांदा बघितला आणि गप्प बसलो.”

“त्याच्याकडे आणखी कोण जायचं?”

“जेवण द्यायला गावातल्या बायका, पाळीपाळीनं. उपासाचे दिवस सुरू झाल्यापासून तुझी सूनच जास्त जायची. कप्तान कधीमधी. पेरोचं मला ठाऊक नाही.”

पेरो कालादो हा गलबताची वाट काढणारा तांडेल. सिमांवचा बालमित्र. ईस्टरनंतर सुनेचं, इनेसचं, त्याच्याशी लग्न ठरलं होतं. दुआर्तेनेच ते जुळवलं होतं. सून तरुण आहे, आपल्या मागे तिला कोण, असं म्हणून.

“आणि तो अंगरखा?”

“सीलच्या कातड्याचा. त्याला मासळीचा वास यायचा. डाव्या काखेत उसवला होता, पण काळ्या डांबरी दोऱ्यानं फार सुबक शिवला होता.”

“डांबरी दोरा? त्यांच्याकडे?”

“गलबतावर कुणी दिला असेल.” पाद्री थांबला. “माणूस हुशार होता रे. मला वाटायचं, त्याची भाषा उतरवून घ्यावी, पुढे जाणाऱ्या पाद्र्यांच्या उपयोगी पडेल. दोनच शब्द कळले मला. समुद्राकडे हात करून ‘हिमाव’ म्हणायचा. तो बहुतेक त्यांचा देव. आणि पावाला ते लोक ‘पांतू’ म्हणतात.”

दुआर्तेने हातातला पेला न पिताच दूर सारला.

“काय म्हणतात?”

“पांतू. इनेस टोपली घेऊन आली की हसायचा आणि म्हणायचा. का रे? बरं वाटत नाहीये का तुला?”

तिकडे गहू पिकत नाही, हे कप्तानाने साऱ्या गावाला दहादा सांगितलं होतं. ज्यांनी पाव कधी पाहिला नाही त्यांच्याकडे पावाला शब्द कुठून असणार? आणि तो शब्द दुआर्तेच्या स्वतःच्या घरातला होता. लहानग्या सिमांवला ‘पांव केंत’, म्हणजे गरम पाव, म्हणता येत नसे. भट्टीपुढे हात पसरून तो ‘पांतू’ म्हणायचा. मोठा झाला तरी घरात तोच शब्द राहिला. आई गेल्यावर तो उरला फक्त तिघांपुरता: सिमांव, इनेस आणि दुआर्ते.

म्हणजे इनेसने शिकवला. पण मग महिनाभर रोज त्याला पाव नेऊन देणारी सून घरी येऊन त्याच्याविषयी एक अक्षरही का बोलली नाही? सकाळी चुलीकडे तोंड करून ती काय लपवत होती?

३

सुनेला विचारायचा धीर होईना, म्हणून दुआर्ते आधी कप्तानाकडे गेला. कप्तान चीज कापत बसला होता.

“माझ्यावर संशय घेतोस की काय? घे बापडा. पण एवढा विचार कर, राजापुढे त्याला उभा केला असता तर माझा पुढच्या सफरीचा परवाना नक्की होता. स्वतःचं जहाज कुणी स्वतः जाळतं का?”

“तो हाती कसा लागला ते सांग.”

“किती वेळा सांगितलंय.”

“मी कधी ऐकलं नाही, जोर्जे. तू सांगायला लागलास की मी उठून जायचो.”

कप्तानाने सुरी खाली ठेवली. त्याचा आवाज थोडा खाली आला.

“सात जण पाण्यासाठी उतरले आणि त्याच दिवशी बर्फाचे डोंगर खाडीत शिरायला लागले. पेरोनं नांगर उचलला, दुसरा इलाज नव्हता. बाहेर सुकाणू मोडलं. खाली कुठल्यातरी दुसऱ्या खाडीत ते दुरुस्त करण्यात कितीतरी आठवडे गेले. मी तापानं फणफणलो होतो, खोलीतून उठलो नाही. मग पेरो शोध घेत परत वर गेला. एका टेकाडावर एकटाच चढला आणि पलीकडे फुटलेली होडी आणि प्रेतं बघून आला. आम्ही शिडं सोडली. आणि त्याच दिवशी हा आला.”

“आला? तुम्ही पकडला नाहीत?”

“आपल्या पायांनी चालत आला म्हण. कातड्याची छोटी होडी, एकटा माणूस, आणि वल्हं डोक्यावर नाचवतोय. मी आत पडलो होतो, पण कान शाबूत होते. घसा फाडून ओरडत होता. हिमाव पांतू, हिमाव पांतू. खलाशांना वाटलं भुकेला आहे, त्यांनी वरून सुका पाव टाकला. तर यानं तो उचलून परत गलबतावर फेकला आणि पुन्हा तेच. मग दोरी टाकून वर ओढला. सोडत नव्हता होडी, म्हणून खांदा मोडला. बेड्या घातल्या तरी दोन दिवस ओरडतच होता. गलबतावरची सगळी पोरं त्याची नक्कल करायची. नंतर गप्प झाला.”

दुआर्ते उठला आणि पुन्हा खाली बसला.

गलबतावर पाय ठेवण्याआधीच त्या माणसाला तो शब्द येत होता. इनेसने तो शिकवलाच नव्हता. आणि दुसरा शब्द देवाचा नव्हता. ज्या जिभेवर ‘स’ ठरत नाही तिने सिमांवचं नाव घेतलं, तर ते कसं ऐकू येईल?

पहिल्याच दिवशी बुडालेला माणूस कुणाला शब्द शिकवत नाही. काखेत डांबरी दोरा घालत नाही.

“काय झालं रे तुला?” कप्तानाने विचारलं. “पांढरा पडलास.”

“काही नाही,” दुआर्ते म्हणाला. “पेरो कुठं असेल आता?”

४

पेरो वाळूवर बसून दोरखंड तपासत होता. दुआर्तेला बघताच त्याने उठून आपलं उलटं ठेवलेलं पिंप पुढे सरकवलं. सिमांव गेल्यापासून तो असाच होता. छप्पर गळालं तर न बोलावता यायचा, सरपण आणून टाकायचा, म्हाताऱ्यापुढे कधी आवाज चढवायचा नाही.

“बसा, काका. इतक्या वाऱ्यात कशाला आलात? निरोप धाडायचा, मी आलो असतो.”

“तोमेबद्दल विचारायचं होतं.”

“विचारा.”

“गलबतावर तो काही बोलायचा का?”

पेरोने दोरखंडाचा एक पीळ उलगडला, पुन्हा घातला. “नाही.”

“सुरुवातीला तरी? पकडला तेव्हा?”

“एक शब्द नाही, काका. आमच्या लेखी तो मुकाच होता. धरला तेव्हाही गप्प, बेड्या घातल्या तेव्हाही गप्प. माणसं अशी असतात काही.”

“आणि इथं? तू भेटायला जायचास का त्याला?”

“मला काय काम तिकडे?” तो हसला. “लग्नाची तयारी थोडी आहे का? इनेस म्हणते खिडकीला नवं दार पाहिजे. तुमची खोली मी समुद्राच्या उलट बाजूला करतोय, वारा लागणार नाही.”

दुआर्ते त्याच्या हातांकडे बघत राहिला. हे हात त्याने लहानपणापासून पाहिले होते. सिमांवबरोबर याच हातांनी त्याची अंजिरं चोरली होती.

“येतो मी,” तो म्हणाला.

गावाच्या चढणीवर निम्म्यात तो थांबला. सकाळपासून जो भेटला त्याने पहिला प्रश्न एकच केला होता: कुणी मारलं हो? मासे विकणारीने विचारलं, पाद्रीच्या स्वयंपाकिणीने विचारलं, चौकातल्या आंधळ्या म्हाताऱ्यानेही विचारलं. पेरोने विचारलं नाही. आणि जे सगळ्या गलबताने ऐकलं, ज्याची खलाशी नक्कल करत होते, ते एकट्या पेरोच्या कानांवर पडलं नव्हतं. जो निर्दोष होता त्या कप्तानाने ते हसत हसत सांगून टाकलं. लपवायची गरज फक्त त्यालाच, ज्याला त्या ओरडण्याचा अर्थ कळत होता.

पण तो अर्थ पेरोला कळला कधी? आणि इतके महिने काही न करता त्याने आत्ताच हात का उचलला? कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलं असलं पाहिजे.

५

इनेस टेबलापाशी पीठ मळत होती. दुआर्तेने दार लावून घेतलं.

“पोरी, तो तुला बघून पांतू म्हणायचा.”

तिचे हात पिठात थांबले.

“पहिल्यांदा म्हणाला तेव्हा टोपली पडली माझ्या हातून,” ती म्हणाली. “मग रोज जायला लागले. थोडं मी त्याला शिकवायची, थोडं तो मला. हातवारे करून. हिमाव म्हणजे कोण, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, मामंजी. तो टाके घालून दाखवायचा. डाव्या हातानं. मला आधी वाटलं, उजवा मोडलाय म्हणून. मग एकदा त्यानं दोरा दातात धरून मान तिरकी केली. अगदी तशी.”

दुआर्तेला सिमांवची ती तिरकी मान दिसली. पोरगा जन्माचा डावखुरा होता.

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही हल्ली कुठं दोन घास खायला लागला होता. मला वाटलं, माझं चुकत असलं तर? माझ्या मनाचेच खेळ असले तर? पुन्हा एकदा तुम्हाला त्यातून न्यायचं? म्हटलं आधी खात्री करून घ्यावी. तिकडची वाट ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं.”

तिने पिठाचे हात तसेच तोंडावर धरले.

“परवा मी पेरोला सांगितलं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, सिमांव जिवंत आहे बहुतेक, तू जाऊन नीट विचार. तो म्हणाला, तू कुणाला बोलू नकोस, मी बघतो. काल संध्याकाळी इथं आला होता. जेवला नाही. मी विचारलं, गेला होतास का? तर म्हणाला, उद्या जाईन. आणि आज सकाळी तो गडी आला... मामंजी, मी त्याला पाठवलं. मीच पाठवलं.”

दुआर्ते तिच्यापाशी गेला, पण तिला जवळ घ्यायला त्याचे हात उचलले गेले नाहीत. तो नुसता तिच्या शेजारी उभा राहिला. बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती. थोड्या वेळाने त्याने आपली टोपी घेतली.

६

पेरो तिथेच वाळूवर होता. या वेळी तो उठला नाही.

“गलबतावरची पोरं त्याची नक्कल करायची,” दुआर्ते म्हणाला. “सगळ्यांना ते शब्द पाठ आहेत. तूच एकटा म्हणालास की तो मुका होता. अंगरखा कुठं टाकलास?”

पेरोने समुद्राकडे पाहिलं. “दगड बांधून बुडवला.”

“त्यात सिमांवची शिवण होती म्हणून.”

“हो.”

“बोल मग. मला सगळं ऐकायचंय.”

पेरो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज कुणाच्या तरी गुरांची हकिकत सांगावी तसा कोरडा होता.

“सुकाणू दुरुस्त करून परत वर गेलो, काका. पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. सूर्य नाही, तारा नाही. एक खाडी दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी. त्यांना उतरवलं ती कुठली ते मला ओळखता येईना. मी ते टेकाड चढलो, पलीकडे काहीच नव्हतं. खडक आणि धुकं. खाली आलो आणि सांगितलं, होडी फुटलीये, सगळे मेलेत.”

“का?”

“अन्न संपत आलं होतं. हरवलेत म्हटलं असतं तर शोधत राहिलो असतो आणि सगळेच मेलो असतो. मेलेत म्हटलं की घरी जाता येतं. आणि त्यांच्या बायकांनाही. नवरा मेला म्हटलं तर बाई रडून मोकळी होते. हरवला म्हटलं तर जन्मभर दारात बसते.”

“आणि तो होडीतून ओरडत आला तेव्हा?”

पेरोने हातातला दोरखंड वाळूवर ठेवला.

“मी तुमच्या घरात लहानाचा मोठा झालो, काका. तो शब्द मला ठाऊक नव्हता का? ऐकला आणि मला वाटलं माझे कान फिरले. सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, प्रेतं बघितली. मग मीच त्याला बेड्या घातल्या. स्वतःला सांगत राहिलो की ती त्याची भाषा आहे. अख्खा हिवाळा सांगत राहिलो. बरंचसं पटलंही होतं. परवा इनेस आली.”

“आणि तू गेलास.”

“काल, दिवे लागायच्या आधी. त्यानं मला ओळखलं. बेड्या घालणारा माणूस, तरी हसला. मी सिमांव म्हटलं, तर उड्या मारायला लागला. सात बोटं दाखवली. दोन मिटली आणि डोळे मिटून दाखवले. मग पाच राहिली. डावा हात वर करून काखेतली शिवण दाखवली. हाताच्या खुणांनी सगळं सांगितलं त्यानं. सिमांवला आमचं शीड दिसलं होतं, काका. त्यांच्याकडे होडी नव्हती, तोमेकडे होती. त्यानं तोमेला पाठवलं होतं. आम्हाला घेऊन यायला.”

लाट आली आणि दोरखंडाचं टोक भिजवून गेली. दोघांपैकी कुणीही ते ओढून घेतलं नाही.

“त्याला वाटलं, आता मला कळलं म्हणजे आम्ही निघणार. माझा हात धरून ओढायला लागला, समुद्राकडे. आत्ताच्या आत्ता चल म्हणून. हसत होता. मला ते तोंड बघवेना. मी ते फक्त बंद करायला गेलो. नंतर बघितलं तर त्याचा गळा माझ्या हातात होता.”

“पेरो,” दुआर्ते म्हणाला, “तिथली वाट ठाऊक असलेला जगात तो एकच माणूस होता.”

“हो.”

“तुला सापडेल ती खाडी?”

“नाही, काका.”

“नकाशावर? अंदाजानं?”

“तुमच्याशी आता खोटं बोलणार नाही. नाही सापडणार.”

दुआर्तेला त्याला मारावंसं वाटलं, पण तेही जमलं नाही. मुलगा एकदा मेला होता तेव्हा त्याने छाती पिटून घेतली होती. आता तो जिवंत असल्याचं कळलं होतं आणि रडायलासुद्धा काही धरता येत नव्हतं.

७

खुनाचा खटला गावच्या न्यायाधीशाकडे नव्हे, बेटाच्या मालकाकडे जायचा. मालकाच्या कारभाऱ्याने निकाल एका दुपारीच दिला. कैदी हा कप्तानाचा माल होता. मालाचं नुकसान झालं. कप्तानाची तक्रार असेल तर बघू. कप्तानाची तक्रार नव्हती. राजाचा परवाना आला होता, पण दक्षिणेकडचा, उबदार पाण्याचा, आणि त्याला तांडेल हवा होता. पेरोने शिक्षा मागितली, दोनदा मागितली. त्याला घरी जायला सांगण्यात आलं.

“उत्तरेला एक जहाज ने, जोर्जे,” दुआर्ते म्हणाला. “मी तुझे पाय धरतो.”

“कुठं नेऊ?” कप्तान या वेळी हसला नाही. “पोर्तुगालहून मोठा किनारा आहे तो, धुक्यात बुडालेला. आणि मधे एक हिवाळा गेला, दुआर्ते. मी पाहिलाय तो बर्फ. तू पाहिला नाहीस.”

तोमेला देवळाच्या आवारात, भिंतीजवळ पुरलं. इनेस होती, पाद्री होता, दुआर्ते होता. पेरो फाटकाबाहेर उभा राहिला आणि माती टाकून होण्याआधीच निघून गेला. त्याच्याशी लग्न मोडलं हे सांगायची कुणाला गरज पडली नाही.

मग उरले बाकीच्या सहा जणांचे लोक. त्या संध्याकाळी दुआर्तेने सुनेला विचारलं, “त्यांना सांगू का? त्यांनी मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना करून टाकल्यात. एकीनं तर दुसरा संसार मांडलाय. पेरो म्हणाला ते काही अगदीच खोटं नव्हतं.”

इनेसने चुलीत एक लाकूड सारलं.

“सांगा,” ती म्हणाली. “मी एकटीनं कशी वाट बघू, मामंजी?”

रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याने सगळ्यांना पायऱ्यांवर थांबवलं आणि जे होतं ते सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. सात उतरले, दोन वारले, पाच गेल्या उन्हाळ्यापर्यंत जिवंत होते. कुणी ओरडलं नाही. कातारिना आनेश म्हणून एक म्हातारी होती, तिचे दोन्ही मुलगे त्या होडीत होते. ती काठी टेकत पुढे आली.

“त्या पाचांत माझे किती?”

“ठाऊक नाही, कातारिनाबाई. सिमांव होता, एवढंच कळलंय.”

“म्हणजे दोन्ही असतील. नाहीतर एक. नाहीतर एकही नाही.”

“हो.”

“मग मी मेणबत्ती कुणासाठी लावू आणि ताट कुणासाठी वाढू?”

ती त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

“मी रडून झाले होते, दुआर्ते,” ती म्हणाली. “मला झोप लागायला लागली होती.” मग तिने काठी उचलून विचारलं, “कुठल्या बाजूला आहे ते?”

त्याने हाताने वायव्य दिशा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरांचा एक तंटा मिटवून परतत होता, तेव्हा टोकावरच्या काळ्या दगडांच्या बांधावर त्याला बायका दिसल्या. कातारिना मधोमध बसली होती. इनेस तिच्या शेजारी, मांडीवर लोकर घेऊन, पण हात थांबलेले. दुसरं लग्न केलेली मारिया थोडी लांब, एकटी उभी होती, पोटावर शाल ओढून. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा असंही म्हटलं नव्हतं. एकीने काळा रुमाल सोडून हातात धरला होता, बांधायचा की टाकायचा हे ठरत नसल्यासारखा.

हे आपण केलं, असं दुआर्तेच्या मनात आलं. मग वाटलं, नाही, पेरोने केलं. मग तेही खरं वाटेना.

कातारिनाने त्याला बघितलं आणि काही न बोलता बांधावर थोडी सरकली. तो जाऊन तिच्याजवळ बसला. समोर पाण्यावर धुकं उतरलं होतं, जवळची होडीसुद्धा दिसत नव्हती. दुपार झाली. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.